एसीला स्मार्ट थर्मोस्टॅट जोडायचाय? खोलीचं तापमान कॉटजवळ मोजा, भिंतीवर नाही

मागच्या मे महिन्यात आमच्या आईची रोजची एकच तक्रार. रात्री दहाला एसी लावला की छान झोप लागायची, मग पहाटे तीन-साडेतीनला गुडघे दुखायला लागायचे, ती उठायची, अंधारात चाचपडत रिमोट शोधायची, एसी बंद करायची आणि पाचच्या आत परत घामाने जाग. "अरे, कधी गार पडायलंय, कधी उकडायलंय, मला काय कळंनाच झालंय," असं म्हणायची. बाबा म्हणायचे २४ वर ठेव, मी म्हणायचो २७ वर ठेव, आणि दोन्ही करून बघितलं तरी पहाटेचं दुखणं तेच.

सोलापुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ४२-४३ च्या पुढं जातो, स्लॅब दिवसभर तापतो आणि ती गरमी रात्री अकरा-बारापर्यंत खाली सोडत बसतो. दहा वाजता पंख्याशेजारी स्लॅबला हात लावून बघा, इस्त्री नुकतीच बंद केल्यासारखा लागतो. आजोळच्या जुन्या घराला माळवद होतं, मातीचा जाड थर, तिथं मे महिन्यातपण दुपारी आत आलं की गार वाटायचं. आता जुळे सोलापुरात काय, होटगी रोडला काय, सगळीकडं स्लॅबच. गच्चीवर पाणी मारावं म्हटलं तर नळाला पाणी येतं काही दिवसांआड, ते प्यायला साठवायचं की स्लॅबवर ओतायचं. कूलरचंपण तेच, कोरड्या हवेत तो काम चांगलं करतो पण बादल्याच्या बादल्या पाणी पितो. म्हणून आमच्याकडं शेवटी एसी आला, आणि एसीनंतर हा थर्मोस्टॅटचा उद्योग. पूर्ण एक उन्हाळा त्यात घालवलाय, जे कळलं ते क्रमाने सांगतो.

आधी थर्मोस्टॅट म्हणजे काय ते

थंड देशांत अख्खं घर एका बॉयलरवर नाहीतर फर्नेसवर गरम करतात आणि भिंतीवर एक छोटी डबी असते, तिला सांगायचं की घर २० डिग्रीवर ठेव. घर गार झालं की ती बॉयलर चालू करते, पुरेसं गरम झालं की बंद. हा झाला थर्मोस्टॅट. त्यालाच वायफाय जोडलं, वेळापत्रक लावता यायला लागलं, फोनवरून बदलता यायला लागलं की तो स्मार्ट. २०११ मध्ये नेस्टचा गोल थर्मोस्टॅट आला, तो घरातल्यांच्या सवयी बघून स्वतःच वेळापत्रक शिकायचा, तेव्हापासून हा प्रकार लोकांना माहीत झाला. बहिणीच्या घरी परदेशात तो बघितला आणि वाटलं आपणपण असला आणून लावावा, पण आपल्याकडं तो लावणार कशाला? आपल्याकडं बॉयलर नाही, घरभर हवा फिरवणारे डक्ट नाहीत, प्रत्येक खोलीत वेगळा स्प्लिट एसी. भिंतीतून दोन वायरी काढून जोडायचा तो थर्मोस्टॅट आपल्या साध्या स्प्लिट एसीला जोडताच येत नाही, ऑनलाइन दिसला तर घेऊ नका, पैसे जातील.

पण त्याचं काम आपण वेगळ्या वस्तूंनी करून घेऊ शकतो. तापमान मोजायला एक सेन्सर, एसीला हुकूम द्यायला एक आयआर ब्लास्टर म्हणजे वायफायवर चालणारा रिमोट, आणि दोघांच्या मधे ॲपमधले नियम. मोजायचं, ठरवलेल्या आकड्याशी ताडून बघायचं, हुकूम द्यायचा. थर्मोस्टॅट याच्यापेक्षा वेगळं काही करत नाही.

आता कोणीही विचारेल की एसीत तर थर्मोस्टॅट असतोच, मग हे कशाला. असतो, पण तो बसलेला असतो एसीच्या आतल्या युनिटमध्ये, फिल्टरच्या मागं, सात-आठ फुटांवर. तो तिथली हवा मोजतो, स्लॅबच्या खालची, खोलीतली सगळ्यात गरम. कंपन्या त्यात थोडा हिशोब धरतात पण त्यांना तुमचा स्लॅब माहीत नसतो आणि तुमची कॉट कुठंय तेपण माहीत नसतं. गार हवा जड, ती खाली उतरते आणि कॉटवर येऊन बसते. वरचा सेन्सर म्हणतो अजून गरम आहे, चालू ठेव, आणि खाली माणूस चादर ओढायलाय. त्यात पहाटे चारच्या आसपास शरीराचं स्वतःचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं, म्हणजे रात्री दहाला जे तापमान बरं वाटतं तेच पहाटे बोचतं. आईचे गुडघे नेमके त्याच वेळी दुखायचे.

खरेदीच्या आधी दोन रात्री हे करा

पन्नास-शंभर रुपयांचा साधा थर्मामीटर आणा, भिंतीवर लावायचा, तापाचा नाही. तो कॉटच्या दांडीला उशीच्या उंचीवर सुतळीने बांधा. एसी रोजच्यासारखा लावा आणि झोपताना, मधे जाग आली तर तेव्हा, आणि पहाटे आकडा लिहून ठेवा. आमच्याकडं एसीवर २४ होतं आणि पहाटे तीनला उशीजवळ साडेबावीस. तोच थर्मामीटर दुसऱ्या दिवशी कपाटावर ठेवला तर तिथं साडेपंचवीस. एकाच खोलीत तीन डिग्रीचा फरक. तुमच्याकडं एसीचा आकडा आणि कॉटचा आकडा अर्ध्या-एक डिग्रीतच असेल तर हे सगळं करायची गरज नाही, नुसता झोपेचा टायमर लावा, पुरेसं आहे.

दुसरं, एसीचा रिमोट नीट बघा. काही रिमोटवर 'आय फील' किंवा 'फॉलो मी' असं बटण असतं. ते दाबलं की एसी स्वतःचा सेन्सर सोडून रिमोटमधला सेन्सर वापरतो. रिमोट उशीजवळ, एसीकडं तोंड करून ठेवायचा, बस्स. फुकटात अर्धं काम होतं आणि कित्येक घरांत हे बटण एकदाही दाबलेलं नसतं. आमच्या रिमोटवर ते नव्हतं म्हणून पुढचं करावं लागलं.

तुमचा एसी चालेल का

रिमोटवर तापमानाचा आकडा दाखवणारा डिस्प्ले असेल तर बहुतेक चालतो. एसीचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा 'एक वाढव, एक कमी कर' असं सांगत नाही, तो प्रत्येक वेळी पूर्ण अवस्था पाठवतो, म्हणजे चालू, कूल मोड, २६ डिग्री, फॅन मध्यम, असं सगळं एकाच दमात. हे आपल्या फायद्याचं आहे, कारण ब्लास्टरने पाठवलेला हुकूम अर्धवट राहत नाही. गोल नॉब फिरवायचा जुना विंडो एसी असेल तर त्याला आयआर कळतच नाही, तिथं हा लेख उपयोगाचा नाही. आणि एसीला आधीच वायफाय असेल तर ब्लास्टर घेऊ नका, फक्त एवढं बघा की त्याचं ॲप बाहेरच्या सेन्सरचं ऐकतं का. ऐकत नसेल तर मग ब्लास्टर घ्यावाच लागतो.

इन्व्हर्टर एसी आहे की साधा तेपण बघून ठेवा, नियम लिहिताना लागेल. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो नाहीतर पूर्ण बंद. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जोरात चालतो.

काय आणायचं

एक आयआर ब्लास्टर आणि एक तापमान-आर्द्रतेचा सेन्सर, डिस्प्लेवाला. दोन्ही एकाच ॲपमध्ये चालणारे घ्या, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्लास्टर एका कंपनीचा, सेन्सर दुसऱ्या कंपनीचा, दोन वेगळी ॲपं, मग सेन्सरचं बघून ब्लास्टरने काही करायचं तर मधे तिसरंच काहीतरी लागतं. खोक्यावर 'स्मार्ट लाइफ' किंवा 'तुया' असं लिहिलेली बरीच वेगवेगळ्या नावांची उपकरणं एकाच ॲपमध्ये बसतात, मी तेच वापरलं. सेन्सर घेताना तो थेट वायफायवर चालतो की झिगबीवर, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या वेगळ्या वायरलेस पद्धतीवर, ते विचारा. झिगबीवाला सेल जास्त टिकवतो पण त्याला वेगळा हब, म्हणजे वायफायशी जोडणारी मधली डबी, लागते. एकच खोली असेल तर वायफायवाला घ्या. मला दोन्ही मिळून अडीच हजारांच्या आत पडलं.

काही ब्लास्टरमध्येच तापमानाचा सेन्सर असतो आणि विकणारा म्हणतो वेगळा कशाला घेताय. वेगळाच घ्या. ब्लास्टर ठेवावा लागतो एसीला दिसेल असा उंचावर, आणि आपल्याला मोजायचंय कॉटजवळ. एकाच डबीत दोन्ही असलं की आपण परत फिरून त्याच चुकीवर येतो.

जोडणी

वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. राउटरवर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने चालू असतील तर जोडताना फोन ५ वर असतो आणि उपकरण सापडतच नाही, अर्धे लोक इथंच वैतागून परत पाठवतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या, किंवा तेवढ्यापुरतं ५ बंद करा. ॲप उघडा, अधिकच्या चिन्हावर दाबा, ब्लास्टरचं बटण पाच सेकंद धरा, दिवा भरभर लुकलुकायला लागला की पासवर्ड टाका. मिनिटभरात जोडलं जातं. सेन्सरचंपण तसंच.

ब्लास्टरची जागा मात्र विचार करून ठरवा. आयआर म्हणजे उजेडच, फक्त डोळ्याला न दिसणारा, रिमोट तो बहुतेक ३८ किलोहर्ट्झने लुकलुकवतो. भिंतीतून जात नाही, कपाटाच्या दारातून जात नाही, जाड पडद्यातून जात नाही. मी पहिल्यांदा तो टीव्हीच्या मागं लपवला होता, दिसायला छान, पण एसी दहातले चार हुकूम ऐकायचा. शेवटी समोरच्या कपाटावर कडेला ठेवला, काळी गोल डबी, एसीच्या अगदी समोर, नऊ-दहा फुटांवर, तेव्हापासून एकही हुकूम चुकला नाही.

मग ॲपमध्ये एसीचा रिमोट जोडायचा. कंपनी निवडली की ॲप एकामागून एक कोड पाठवून विचारतं, एसीने ऐकलं का. इथं घाई करू नका. पहिल्याच कोडला एसी चालू झाला की आपण 'हो' दाबून मोकळे होतो, आणि नंतर कळतं की फॅन बदलत नाही किंवा ॲपमध्ये २६ केलं की एसीवर २५ दिसतं. चालू, बंद, १६ पासून ३० पर्यंत दोन-तीन आकडे, कूल, ड्राय, फॅनचे तिन्ही वेग, हे सगळं एसीच्या डिस्प्लेशी ताडून बघा, एक जरी चुकलं तरी पुढचा कोड. आमचा चौथा कोड बरोबर निघाला.

आणखी एक चाचणी कराच. ॲपमधून 'चालू' लागोपाठ दोनदा पाठवा. दुसऱ्यांदा एसी बंद झाला तर तुमच्या एसीत चालू-बंदला एकच बटण आहे, मग नियमांमध्ये 'चालू कर' हा हुकूम कधीच घालू नका, फक्त तापमान बदलायचे हुकूम ठेवा, नाहीतर मध्यरात्री चालवायच्या ऐवजी बंद करून बसेल.

सेन्सर कुठं आणि कसा

उशीच्या उंचीवर, माणसापासून हातभर लांब, एसीचा झोत थेट येणार नाही अशा जागी. गादीला टेकवू नका, अंगाची ऊब मोजेल. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका, ती भिंत रात्री बारापर्यंत तापलेली असते. फोनचा चार्जर, राउटर, बेडलॅम्प यांच्याजवळ नको. आम्ही आईच्या कॉटशेजारच्या स्टुलावर ठेवलाय, तिच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी.

मग तो खरं सांगतोय का ते बघा. सुतळीवाला थर्मामीटर त्याच्या शेजारी तासभर ठेवा. फरक असेल तर ॲपमध्ये तेवढी दुरुस्ती टाकायची सोय बहुतेक सेन्सरना असते, नसेल तर आकडा लक्षात ठेवून नियमांत धरा. आणि वायफायवाला सेन्सर सेल वाचवायला सतत माहिती पाठवत नाही, काही मिनिटांनी एकदा किंवा फरक पडला की पाठवतो, म्हणजे ॲपमध्ये दिसणारा आकडा थोडा जुना असतो. त्यामुळं दर मिनिटाला चालेल असं काही बांधायला जाऊ नका.

नियम लिहिणं, खरं काम इथंच

माझी पहिली चूक सांगतो. मी लिहिलं: २६ च्या खाली गेलं की एसी बंद, २६ च्या वर गेलं की चालू. रात्रभर एसीचं नुसतं चालू-बंद, चालू-बंद. प्रत्येक हुकुमाला एसी 'टीं' करून वाजतो ते वेगळंच, आई दोनला उठून बसली, म्हणाली, "कोण दाबायलंय रे बटण?" दोन आकड्यांत अंतर पाहिजे. एक खालचा, एक वरचा, आणि मधल्या पट्ट्यात काहीच करायचं नाही. दीड ते दोन डिग्रीचं अंतर ठेवलं की हुकूम रात्रीत तीन-चारच जातात.

दुसरी चूक म्हणजे बंद करणं. इन्व्हर्टर एसी बंद करून परत चालू केला की तो पुन्हा जोरात सुरुवात करतो, त्याला हळू चालू देणं बरं. म्हणून बंद न करता फक्त सेट केलेलं तापमान वर-खाली करा. साध्या एसीलापण हेच चालतं, २८ दिलं की त्याचा कॉम्प्रेसर आपोआप थांबतो, आतला पंखा चालू राहतो.

आता आईच्या खोलीत जे चालू आहे ते असं. रात्री साडेनऊला एसी चालू, २५ वर, फॅन मध्यम, त्याच वेळी छताचा पंखापण दोनवर. तेव्हा स्लॅब आग ओकत असतो म्हणून २५. साडेबाराला २६. एक वाजल्यापासून सहापर्यंत सेन्सरचं राज्य: कॉटजवळ साडेपंचवीसच्या खाली गेलं तर एसीला २८, साडेसत्तावीसच्या वर गेलं तर २६. सहाला एसी बंद, खिडक्या उघडायच्या, कारण मे महिन्यातपण सोलापूरची सकाळ आठपर्यंत बरी असते आणि ती हवा फुकट असते.

यात एक खाचखळगा आहे, मला तो कळायला आठवडा गेला. ॲपमधला सेन्सरचा नियम आकडा ओलांडताना चालतो. म्हणजे तापमान साडेपंचवीसच्या वरून खाली आलं की हुकूम जातो. पण एक वाजता नियम सुरू झाला तेव्हाच ते २५ असेल, तर ओलांडणं आधीच होऊन गेलेलं, हुकूम जातच नाही, आणि आपण सकाळी विचार करत बसतो की झालं काय. उपाय सोपा आहे: एक वाजून पाच मिनिटांनी चालणारा एक वेगळा नियम लिहा, वेळ झाली आणि तापमान साडेपंचवीसच्या खाली असेल तर २८ कर. तसाच आणखी एक तीन वाजताचा. या दोन ओळी घातल्या आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आई पहाटे उठायची थांबली.

आकडे माझे जसेच्या तसे घेऊ नका. आई सत्तरीची, सोलापुरी चादर पायावर घेऊन झोपणारी. आमच्या खोलीत मुलं आहेत, तिथं खालचा आकडा २५ आणि वरचा २६ आणि अर्धा आहे. तीन-चार रात्री अर्ध्या-अर्ध्या डिग्रीने हलवून बघा, आणि सकाळी घरातल्या माणसाला विचारा झोप कशी लागली, ॲपमधल्या आलेखापेक्षा ते उत्तर कामाचं.

आणि १६ वर लावायची सवय सोडा, कळकळीने सांगतो. साध्या एसीत १६ लावलं काय आणि २५ लावलं काय, खोली गार व्हायला लागणारा वेग तोच, फरक एवढाच की १६ वर तो थांबत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं आहे की सेट तापमान एक डिग्रीने वाढवलं की वीज साधारण ६ टक्के वाचते, आणि १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडं विकल्या जाणाऱ्या एसीत कंपनीनेच सुरुवातीचं सेटिंग २४ ठेवायचं असा नियम आहे. छताचा पंखा हळू चालू ठेवला तर २६-२७ लापण अंगाला गारच लागतं.

लाईट गेली तर

आपल्याकडं ही जाणारच, वळवाचा पाऊस आला की आधी लाईट जाते. राउटर, ब्लास्टर आणि जमलं तर छताचा पंखा घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरवर घ्या. लाईट परत आल्यावर काही एसी आधीच्या सेटिंगवर स्वतः सुरू होतात, काही होत नाहीत. मुख्य स्विच बंद-चालू करून तुमचा कुठला ते एकदा बघून ठेवा, पण बंद केल्यावर चार-पाच मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरला दम घेऊ द्या. स्वतः सुरू होत नसेल तर अडचण अशी की आयआर एकतर्फी असतो, एसी उलट काही कळवत नाही, ॲपमध्ये 'चालू' दिसतं आणि खोलीत उकडत असतं. त्यासाठी आणखी एक नियम: रात्री कॉटजवळ २८ आणि अर्ध्याच्या वर गेलं तर एसी चालू, २६ वर. आधीच चालू असेल तर तोच हुकूम परत गेल्याने काही बिघडत नाही, फक्त वर सांगितलेली एकाच बटणाची चाचणी तुमच्या एसीने पास केलेली पाहिजे.

स्मार्ट प्लग, म्हणजे फोनवरून चालू-बंद होणारा प्लग, लावून एसी चालू-बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चालत्या कॉम्प्रेसरची वीज अचानक तोडणं त्याला चांगलं नाही, आणि हलका प्लग तापून वितळू शकतो.

"घरी कोणी नाही" हा नियम

ॲपमध्ये एक सोय असते, तुमचा फोन घरापासून लांब असला की एसी आपोआप बंद. परदेशातल्या घरांत दिवसभर कोणीच नसतं तिथं ती फार उपयोगी. मी ती हौसेने लावली आणि विसरलो. एका गुरुवारी सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. दुपारी आई जेवून एसी लावून आडवी झाली, दहा मिनिटांत एसी बंद. तिने परत लावला, परत बंद. तिला वाटलं एसी बिघडला, आणि मी कामात असणार म्हणून तिने मला फोन केला नाही. बाहेर ४३ डिग्री, आणि ती स्लॅबखाली तशीच पडून राहिली संध्याकाळपर्यंत. रात्री घरी आल्यावर हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. आपल्या घरांत आई-वडील, सासू-सासरे, सुट्टीतली मुलं, कोणी ना कोणी असतंच, आणि त्यांचा फोन ॲपमध्ये नसतो. ही सोय बंदच ठेवा. आणि घरातल्या मोठ्या माणसांना दोन गोष्टी नक्की सांगा: जुना रिमोट तसाच चालतो, आणि काही चुकतंय वाटलं तर ब्लास्टरची वायर काढायची, मग एसी आधीसारखा साधा होतो. आमच्या ब्लास्टरच्या वायरीला लाल रिबन बांधलीय, आईला लांबूनपण दिसते.

बिलाचं

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिट, ३०० युनिट, ५०० युनिट असे टप्पे असतात, वरच्या टप्प्यातल्या युनिटला जास्त दर. एसीमुळं आपण टप्पा ओलांडतो तिथं बिल उडी मारतं. फरक मोजायचा असेल तर रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचा आकडा लिहा, आठवडाभर जुन्या पद्धतीने, आठवडाभर नियमांवर. फ्रिज दोन्हीकडं सारखाच असतो. आमच्याकडं युनिट कमी झाले, पण खरं सांगू, डोळ्यात भरण्याइतके नाही. फक्त पैशांसाठी करत असाल तर आधी गच्चीवर पांढरा चुना मारा आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावा, ते जास्त वाचवतं. स्मार्ट मीटर बसला असेल तर बिलावर बघा, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला सवलत मिळते का. मिळत असेल तर दुपारी एसी लावताना बिलाची फार काळजी करू नका, हे आई-वडिलांना समजावून सांगा, कारण ते लावतच नाहीत.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. सोलापूरची धूळ बघता महिना म्हणजे फार झाला, आणि फिल्टर तुंबला की सगळे नियम बरोबर असून खोली गार होत नाही.

पावसाळा लागला की

जूनमध्ये हवा दमट होते, तेव्हा तापमान २७ असलं तरी चिकचिक होते. सेन्सरवर आर्द्रता दिसते, ७० टक्क्यांच्या वर असेल तर कूलच्या ऐवजी ड्राय मोड लावणारा नियम करा. उन्हाळ्याचे नियम खोडू नका, नुसते बंद करा, पुढच्या मार्चमध्ये लागतात.

थंडीत खोली गरम करायची वेळ आपल्याकडं येत नाही, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे गारठा असतो तेवढाच. गरम करायचं असतं ते पाणी. गिझरला मात्र टायमरचा स्मार्ट प्लग छान चालतो, कारण त्यात कॉम्प्रेसर नसतो आणि आतला थर्मोस्टॅट त्याचं काम करतच असतो. प्लग १६ अँपियरचाच पाहिजे, १० चा चालणार नाही. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर वीसेक मिनिटांत पाणी तापवतो, तेव्हा आंघोळीच्या अर्धा तास आधी चालू आणि आंघोळीला आत जायच्या आधी बंद असं लावा. आणि चार दिवस गावाला जाताना आठवणीने ते शेड्यूल बंद करून जा, प्लगला काही कळत नाही की घराला कुलूप आहे.